फणसाच्या कपाटातला भुंगा

“माला, तुझ्या वडलांनी कपाटात काय घालून पाठवलंय?”

सासूबाईंची हाक आली तेव्हा मी परसात धुणं वाळत घालत होते. हात पुसत आत आले. सासूबाई, सासरे आणि नणंद रोहिणी, तिघंही माझ्या लग्नातल्या कपाटासमोर उभे होते. सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि मग मलाही ते ऐकू आलं. कर्र... कर्र... कर्र. जरा थांबून पुन्हा कर्र. आत बसून कुणी वाळकी भाकरी सावकाश चावत असावं तसं.

“उंदीर असेल,” मी म्हणाले.

“सगळं सामान बाहेर काढून बघितलं मी. आत काही न्हाई. आवाज लाकडातनं येतोय.”

आमचं लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. माझं माहेर चंदगडकडचं, सासर गडहिंग्लजचं. मुलीकडून आरशाचं लोखंडी कपाट येईल अशी सासूबाईंची अपेक्षा होती. तशी ती आमच्या कानावरही आली होती. पण माझे वडील शाळामास्तर, आणि मास्तरांची मतं पक्की. आमच्या परड्यातला मोठा फणस आदल्या पावसाळ्यात वादळात पडला होता. त्याच्या फळ्या काढून त्यांनी गावातल्या सुताराकडून कपाट करून घेतलं. पिवळंधमक, हात फिरवला तर रेशमासारखं. वडिलांना त्याचा केवढा अभिमान! ते ट्रॉलीतून सासरच्या दारात उतरलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, “लाकडाचं होय?”

आणि आता त्या लाकडातून हा आवाज.

माझे सासरे, आप्पा, गुरांचे डॉक्टर. नुकतेच सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले होते आणि तपासायला कुणी मिळत नाही म्हणून दिवसभर बेचैन असायचे. ते आत गेले, स्टेथोस्कोप घेऊन आले, आणि डोळे मिटून कपाटाच्या डाव्या फळीला लावून बसले. मग खाली. मग पायापाशी.

“पेशंट ठणठणीत आहे,” त्यांनी निदान सांगितलं. “भूक तर उत्तम.”

रोहिणीला हसू आवरेना. सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ते तिला आवरावं लागलं.

मी खाली वाकले. कपाटाच्या पायाशी पिवळ्या भुशाची चिमूटभर रास पडली होती. मी प्राणिशास्त्र शिकलेली. एमएस्सीचं एक वर्ष झालं होतं, मग स्थळ आलं आणि ते तिथंच राहिलं. पण एवढं मला नक्की कळत होतं.

“अळी आहे आई. भुंग्याची. लाकूड खातेय.”

“म्हंजे किडकं कपाट दिलं आम्हाला.”

“किडकं नाही हो. झाड पडलं तेव्हाच भुंग्यानं सालीत अंडं घातलं असणार. तेव्हा तो फणस होता, कपाट नव्हतं.”

हे मी वडिलांची बाजू सावरायला बोलले, पण ऐकायला ते भुंग्याची बाजू घेतल्यासारखं वाटलं असावं. सासूबाई म्हणाल्या, “होळी आलीच हाय. लाकडं कुठनं आणायची ते बघतच हुतो.” आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी नवऱ्यापाशी रडले. त्याचं नाव धैर्यशील, पण आईपुढे ते सगळं नावातच राहायचं. पंचायत समितीत नोकरी करायचा, सरळ होता, आणि वाद सुरू झाला की चपला शोधायचा. तो म्हणाला, “तुझ्या त्या कॉलेजातल्या सरांना विचार की. आई माझं ऐकणार नाही, तुझं ऐकणार नाही. पण बाहेरच्या माणसाला ती चहा तरी विचारेल.”

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या फोन बूथवरून देसूरकर सरांना कोल्हापूरला फोन लावला. आवाज कसा, भुसा कसा, लाकूड कुठलं, फणस कुठल्या गावचा, हे सगळं त्यांनी मला दोनदोनदा विचारलं. 

“माला,” सर म्हणाले, “रॉकेल घालू नका. काहीही घालू नका. मी येतो.”

ते खरोखरच दुसऱ्या दिवशी आले. खांद्याला शबनम, केस उडालेले. दारातून सरळ कपाटाकडेच निघाले होते, पण मग भान येऊन सासूबाईंना नमस्कार केला. भिंगातून भुसा बघितला, फळीला कान लावला. आप्पांनी मोठ्या मनाने त्यांना स्टेथोस्कोप दिला. दोघं आळीपाळीने ऐकत बसले.

“वहिनी,” शेवटी सर म्हणाले, “खात्री देत नाही. पण त्या भागातल्या फणसात लांब मिशांचा एक भुंगा होतो. म्हणजे होत असावा. फार पूर्वी कुणीतरी धरले होते, त्यातले दोन संग्रहालयात टाचलेले आहेत. एकाला पाय नाहीत, दुसऱ्याची एक मिशी तुटलेली. दोन्ही माद्या. नर कुणी पाहिलेलाच नाही. जिवंत तर ना नर, ना मादी.”

“आणि आमच्यात नर हाय कशावरनं?”

“कशावरूनच नाही,” सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. “तोच भुंगा आहे हेसुद्धा बाहेर आल्यावरच कळेल.”

“म्हंजे मी माझ्या घरात भुंग्याचं बाळंतपण करायचं.”

“बाळंतपण तो स्वतःच करतो. आपण फक्त वाट बघायची.” सर जरा थांबले. “ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती वहिनी. तिने वर्ष सोडलं तेव्हा मला फार चुटपुट लागली. आता तिच्याच कपाटातून हे निघतंय म्हटल्यावर मला घरी बसवेना, म्हणून आलो.”

मी खाली मान घातली. हे सर कशाला बोलले, असं मला झालं.  सासूबाईंनी चहा आणला, सर एसटीला निघाले तेव्हा त्यांच्या हातावर दोन लाडू ठेवले, आणि दाराशी म्हणाल्या, “पाडव्यापर्यंत ठेवते. पुढचं मी बघणार.”

कपाट आम्ही बाहेरच्या सोप्यात हलवलं, म्हणजे येताजाता सगळ्यांचं लक्ष राहील. होळी झाली, दुसरंच लाकूड जळलं. आवाज चालूच होता. आप्पा सकाळ-संध्याकाळ तपासणी करायचे आणि जेवताना अहवाल द्यायचे: “आज वरच्या कप्प्याकडे सरकलाय.” शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. कुणी म्हणे लक्ष्मी, कुणी म्हणे करणी. सासूबाई दोघींनाही सारखंच उत्तर द्यायच्या, “भुंगा हाय. माझ्या सुनेनं सांगितलंय.”

एक दिवस दुपारी मी तिकटीवरच्या गिरणीतून तिखट दळून परत आले. सगळे झोपले होते. सोप्यात सासूबाई कपाटाला टेकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

“खा बाबा, खा,” त्या म्हणत होत्या. “तू बरा. तुझ्यासाठी काय रांधायला लागत न्हाई, का मीठ कमी पडलं म्हणून ऐकायला लागत न्हाई.”

मी तशीच मागे फिरून, पायऱ्यांवर चपला वाजवत पुन्हा आत आले. त्यांनी घाईने पाट सरकवला आणि म्हणाल्या, “भुसा लई पडालाय गं आज. झाडून काढत हुते.”

पाडवा आला. घरात गुढी उभी राहिली, श्रीखंड झालं. सासूबाईंनी कपाटाचं नाव काढलं नाही. मग आम्हीही काढलं नाही.

आणि त्यानंतर एकाएकी आवाज बंद झाला.

पहिल्यांदा सासूबाईंच्याच लक्षात आलं. “माला, तो गप झालाय,” मला उठवून त्या म्हणाल्या. आप्पांनी सगळ्या फळ्या तपासल्या, दोनदा तपासल्या, आणि स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला. मी समजावून सांगितलं, की अळी कोषात गेली असेल, आता ती खाणार नाही, आतल्या आत तिचा भुंगा होईल.

“कधी बाहेर येईल?”

“माहीत नाही आई. कुणालाच माहीत नाही.”

“आणि मेला असला तर?”

 त्या दिवशी त्यांनी सोपा झाडला नाही. खाली पडलेला थोडा भुसा बरेच दिवस तसाच राहू दिला.

मे महिना उजाडला आणि रोहिणीला बघायला कागलचे मगदूम येणार असा निरोप आला. मुलगा शशिकांत साखर कारखान्यात केमिस्ट, घर चांगलं. सासूबाईंच्या मनात हे स्थळ फार भरलं होतं. कपाट तिथून हलवावं असं त्या म्हणाल्या, पण आप्पा म्हणाले, “कोषात असताना पेशंटला हलवत नाहीत.” शेवटी त्यावर भरतकामाचा रुमाल टाकून फुलदाणी ठेवली.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. बोलण्याचं सगळं काम मामांकडे होतं. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, आवाज असा की गल्लीत ऐकू जावा. मुलगा मान खाली घालून पोहे खात होता. रोहिणी चहा घेऊन आली, बसली.

“स्वयंपाक येतो ना सगळा?” मामांनी विचारलं.

“येतो.”

“तांबडा-पांढरा रस्सा?”

“येतो.”

“मशीन येतं?”

“शिलाईचं येतं,” रोहिणी म्हणाली.

तेवढ्यात मला ते दिसलं. कपाटाच्या बाजूच्या फळीवर, मामांच्या बरोबर मागे, लाकडाचा बारीक चुरा गळत होता. बघता बघता तिथं एक गोल भोक पडलं आणि त्यातून एक मिशी बाहेर आली. काळी, बारीक, गाठीगाठींची. ती हवेत चाचपडली. मग दुसरी आली. मग कितीतरी वेळ फक्त मिशाच येत राहिल्या. मी सासूबाईंचा पदर ओढला. त्यांनी बघितलं. हातातला बशांचा ट्रे त्यांनी अगदी हळू खाली ठेवला.

भुंगा बाहेर आला. राखाडी मखमलीचा अंगरखा घातल्यासारखा, पाठीवर दोन्ही बाजूंना केशरी ठिपके. फळीवर जरा दम खाल्ला, पंख उघडले, आणि विमानासारखी घरघर करत उडून थेट मामांच्या टोपीवर जाऊन बसला.

मुलाची आई किंचाळली. मामांनी टोपीसकट त्याला झटकलं. तो फरशीवर उताणा पडला आणि पाय हलवत ‘चीं चीं’ करायला लागला. मामांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्याची गुंडाळी केली, हात वर नेला.

“खबरदार!”

सासूबाईंचा असा आवाज मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मामांचा हात वरच राहिला.

“त्याला हात लावायचा न्हाई.”

“अहो, किडा आहे! चावेल कुणाला तरी!”

“असू दे. होळीपासनं सांभाळलाय आम्ही.”

मामांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपेक्षा तुम्हाला हा किडा मोठा?”

 सासूबाईंनी रोहिणीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, फरशीवर पाय हलवणाऱ्या त्या भुंग्याकडे बघितलं. या स्थळासाठी त्यांनी किती जणांना मध्ये घातलं होतं ते मला माहीत होतं. त्या ‘मारा’ म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

“मोठा-बारका कोण म्हणतंय?” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही आत्ता आलाय, त्यो आधीपासनं हाय.”

मामा ताडकन उठले. पण मुलगा उठला नव्हता. तो गुडघ्यांवर बसला होता. त्याने बोट पुढे केलं, भुंग्याने ते धरलं, सरळ झाला आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवर चढायला लागला.

“काय मिशा आहेत!” तो म्हणाला. आल्यापासून त्याचे ते पहिले शब्द.

“हलू नका,” रोहिणी म्हणाली. धावत आत गेली, पिठाची चाळण घेऊन आली, आणि त्याच्या बाहीवरच ती अलगद झाकली. चाळणीची दुसरी कड त्याने धरली. दोघं तसेच अवघडून उभे राहिले आणि मग दोघांनाही हसू फुटलं.

“शशिकांत!” मामा दारातून ओरडले.

त्याने चाळण भुंग्यासकट माझ्या हातात दिली आणि तो गेला. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. “गेली सोयरीक,” त्या म्हणाल्या.

“गेली तर गेली,” रोहिणी म्हणाली, पण ती दाराकडे बघत होती.

मी मात्र चाळणीत डोकं घालून बसले होते. मिशा अंगाच्या दुप्पट, नाही, त्याहूनही लांब. मादीच्या एवढ्या नसतात. मी पुन्हा बघितलं, मग तिसऱ्यांदा बघितलं, आणि ओरडले, “नर आहे!”

“अभिनंदन!” आप्पा म्हणाले. “मुलगा झाला!”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जरा शांत झाल्यावर म्हणाल्या, “तुझ्या वडलांस्नी कळव. म्हणावं, कपाट चांगलं हाय.”

सर दुसऱ्या दिवशी आले. चाळणीवर वाकले आणि भिंगातून त्याला पुन्हा पुन्हा बघितलं. मग शबनममधून त्यांनी रुंद तोंडाची बाटली काढली.

“हे कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“यात औषध आहे. त्याला काही वेदना होत नाहीत वहिनी. मग टाचून...”

“मारणार तुम्ही त्याला?”

“शास्त्राची पद्धत आहे ती.”

“मग काल त्या टोपीवाल्यानं काय वाईट केलं असतं?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. सासूबाईंनी चाळण स्वतःपुढे ओढली.

“आपणहून मरंल तवा न्या. तोवर हितंच राहील.”

“पण वहिनी, रोज बघायला लागेल. काय खातो, कधी खातो, कसा वागतो. ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. मला इथं राहता येणार नाही.”

“माला हाय की,” सासूबाई म्हणाल्या.

अशी मी कामाला लागले. दुधाचं जाळीचं कपाट त्याला राहायला मिळालं. धैर्यशील रोज सायकलवरून मळ्यात जाऊन फणसाच्या कोवळ्या फांद्या तोडून आणायचा. मी जाळीसमोर बसून राहायचे. तो साल कशी कुरतडतो, मिशा कशा पुसतो, धरला की मान हलवून चींचीं कसा करतो, ते सगळं बघायचे आणि लिहायचे. धुणं, भाकऱ्या, पाणी, या कशालाच मला हाक येईना. एकदा मी उठून भाकरी करायला गेले तर सासूबाईंनी परात ओढून घेतली. “तू तुझं बघ.”

साधारण आठवडाभरात दाराशी स्कूटर थांबली. शशिकांत एकटाच आला होता.

“तो भुंगा बघायचा होता,” त्याने सांगितलं.

सासूबाईंनी त्याला जाळीसमोर खुर्ची दिली. तो भुंगा बघत बसला. चहा झाला तरी बघत होता. पण दर वेळी रोहिणी आतबाहेर करायची तेव्हा भुंग्याकडचं त्याचं लक्ष उडायचं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्याची आई बरोबर आली, दारातूनच म्हणाली, “मामांचं मी बघून घेते,” आणि जाळीपासून लांबची खुर्ची बघून बसली. दिवाळीनंतर लग्न करायचं ठरलं.

मिरगाच्या आधी भुंगा मंदावला. फांदीवर चढायचा बंद झाला. एका सकाळी जाळीच्या कोपऱ्यात पाय आखडून पडलेला दिसला. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं, आणि नुसत्या “बरं झालं, आपणहून गेला,” म्हणाल्या. मग पेढ्यांचं रिकामं खोकं शोधून काढलं, कापूस घातला, आणि मिशा मोडणार नाहीत अशा बेताने त्याला मी त्यात ठेवेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

“उद्याच्या गाडीनं कोल्हापूरला जा,” त्या म्हणाल्या. “सरांच्या हातात तूच दे.”

“देते. संध्याकाळपर्यंत परत येते.”

“कशाला?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “म्हणजे?”

“संध्याकाळी परत कशाला येतीस?”

 “आई, माझं काही चुकलं का?”

“चुकलंच की. एवढं येतंय तर वरीस सोडून आलीस कशाला? आणि आम्ही बी विचारलं न्हाई. आमचं बी चुकलंच.” त्या खोक्याला दोरा बांधत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. “मी सरांस्नी फोन लावला हुता. कॉलेज पुढच्या आठवड्यात उघडतंय. हॉस्टेलात जागा हाय म्हणाले.”

 “पण घरात... रोहिणीचं लग्न... तुम्हाला एकटीला...”

“घर कुठं पळून जातंय? तू यायच्या आधी बी चाललं हुतं.” त्यांनी गाठ घट्ट केली आणि खोकं माझ्या हातात ठेवलं. “दिवाळीला ये. चार दिवस राहा. मग परत जा.”

मी वळून बघितलं. धैर्यशील माझी बॅग भरून, हातात घेऊन आधीच दारात उभा होता. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक.

“गाडी उद्याची हाय रं,” सासूबाई म्हणाल्या. “खाली ठेव ती.”